लाल शाई

एकाच आठवड्यात तीन पत्रं आली.
शब्बीरचाचांनी ती मॅग्नेटोखाली दाबून ठेवली.
म्हणाले, गोंदूरचा वारा आहे, उडतील.

बंगळूरचं संग्रहालय: खोली, रविवारची सुट्टी,
दोरीच्या आत उभी विमानं, पुसायची.
टायरांत हवा राखायची,
बसकं टायर फोटोत वाईट दिसतं म्हणून.
मी विचारलं, इंजिनं?
कुठली इंजिनं, ते म्हणाले.
नाकात वाळूच्या पिशव्या आहेत, तोल राहावा म्हणून.

नागपूरकडच्या शेठजींची सहाच्या सहा उडती.
फोनवर फार गोड बोलले.
पंधरा तारखेला पुतण्याचं लग्न,
वरून फुलं टाकायचीत. तोवर होईल ना?
विमान न बघता कसं सांगू, म्हटलं.
हसले. होईल हो,
सगळ्यांचं होतं.
पगार दुप्पट होता.
दोन रात्री मी तो आकडा उशाशी घेऊन झोपलो,
खोटं कशाला सांगू.

चाचा पिंजाऱ्याचे.
बापाच्या पिंजणाची तात ऐकत वाढलेले.
पंखावर टिचकी मारून, डोळे मिटून सांगायचे:
कापड ढिलं बोलतंय, निंबा, अजून एक हात दे डोपचा.
पत्रांबद्दल एवढंच म्हणाले,
पगार विचार, लाजू नको.
मग विचार, तिथे शेवटचं 'नाही' कोण म्हणालं
आणि त्याचं काय झालं.

विचारलं.
बंगळूरला प्रश्नच कळला नाही.
शेठजींनी फोन मुनीमाकडे दिला.

तिसरं पत्र वहीच्या कागदावर, शिरपूरच्या पुढचं.
सोनगीर, नरडाणा, सावळद्याचा पूल,
खाली तापी, उन्हाळ्यातही बरीचशी भरलेली.
केळीच्या पिलबागेपलीकडे पत्र्याचं शेड,
आत एक आसनाचं फवारणीचं विमान.
टाकीला अजून औषधाचा वास,
शेपटीत चिमण्यांचं घर.
स्प्रूसच्या कण्यावर नख रोवून पाहिलं.
लाकूड शाबूत.

कलाबाई गुजर. सत्तरीच्या.
नातीला हे उडवायचंय, म्हणाल्या,
माझं ऐकत नाही, म्हणून निदान मिस्तरी तरी मी निवडते.
मी माझा प्रश्न विचारला.
त्या आत गेल्या, फडक्यात बांधलेलं लॉगबुक घेऊन आल्या.

पान आपोआपच उघडलं. खूपदा उघडलेलं असावं.
लाल शाईत:
डाव्या एलेरॉनची केबल झिजली आहे.
सात तारा तुटलेल्या. उड्डाण नाही.
खाली सही. ती सही मी रोज बघतो,
किराणाच्या वहीत, माझ्या दाखल्यावर.
त्याच्याखाली निळ्या पेनानं, घाईत:
आज एकच शेत आहे. उद्या बदलू.
पुढची सगळी पानं कोरी.

"निळं त्यास्नं शे," बाई म्हणाल्या,
आणि फडक्याची घडी घालत बसल्या.

पगार आठ हजार. केळी लागतील तेवढी.
मी नाही म्हटलं तर, विचारलं.
त्यांनी कमरेची किल्ली काढली,
माझ्या हातावर ठेवली. गरम होती.
तुझ्याकडेच ठेव.
नातीनं मागितली तरी. मी मागितली तरी.

संध्याकाळच्या बसनं धुळ्याला आलो.
चाचा दिव्याखाली सेफ्टी वायर पिळत होते.
मी काही बोललो नाही,
किल्ली फक्त बाकावर ठेवली.
त्यांनी ती ओळखली.
पक्कड खाली ठेवली, परत उचलली.
जेवलास का?
नाही.

बराच वेळ वायर पिळत राहिले,
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
नऊ होत्या.
मी सातच लिहिल्या.
वाटलं, नाही म्हणायला सात पुरतील.